खेकडं, झिंगं, सुकट: सातारा-सांगलीच्या ताटातली प्रथिनं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझं माहेर पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यात चढणीवर वसलेलं गाव. सासर मिरजेच्या बाजूला, काळ्या रानात. माहेरी पाऊस लागला की खेकडं आणि सासरी बाजाराच्या दिवशी सुकट, अशा दोन्ही सवयी मला लागल्या. पुढे आहारतज्ज्ञ म्हणून काम करायला लागल्यावर या दोन पदार्थांबद्दल इतके प्रश्न आले की एकदाचं सगळं लिहून काढावं म्हटलं. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, म्हणून काही उत्तरं लांबलीत आणि काही एका ओळीत आटपलीत.

आपल्याकडे समुद्र नाही. मग हा विषय आपला कसा?

समुद्र नसला तरी घाट आहेत. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढलं की कोयनानगर, पाटण, कराड. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर आणि तिथून सांगली. कोकणातली सुकी मासळी या वाटांनी पिढ्यान्‌पिढ्या वर येते आहे. आता बर्फातली कोळंबीही येते.

दुसरी वाट ओढ्याची. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या पावसाळी पट्ट्यात भातखाचरं आणि ओढे आहेत, तिथं खेकडा आपसूक असतो. तिसरी वाट नदी आणि धरणाची: कृष्णा, कोयना, वारणा. तिथले झिंगे म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या कोरड्या भागात या दोन्ही वाटा जवळजवळ बंद, म्हणून तिथं फक्त सुकट चालते. एकाच जिल्ह्यात इतका फरक पडतो. त्यामुळे ‘सातारकर काय खातात’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, घाटाकडचा की माणदेशी?

यात प्रथिनं नेमकी किती?

शंभर ग्रॅम सोललेल्या कच्च्या कोळंबीत साधारण २० ग्रॅम. खेकड्याच्या निव्वळ मांसात थोडी कमी, १८ च्या आसपास. तिसऱ्या-शिंपल्यांच्या मांसात १२ ते १५. सुकटीतलं पाणी उडालेलं असतं, म्हणून तिच्यात शंभर ग्रॅमला ६० च्या आसपास. तुलनेसाठी, कच्च्या मसूरडाळीत २४, शेंगदाण्यात २५, एका अंड्यात ६.

गरज किती, तेही सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम. ५५ किलोच्या बाईला जवळजवळ ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४.

आता हिशेबातली मेख. वरचे आकडे निव्वळ मांसाचे आहेत आणि आपण विकत घेतो कवचासकट. डोक्यासकट किलोभर कोळंबी आणली तर सोलून हातात अर्धा किलो राहते. खेकड्याचं तर पाव हिस्सा मांस निघालं तरी नशीब. किलोभर खेकडे म्हणजे पाव किलो मांस, म्हणजे ४५ ग्रॅमच्या आत-बाहेर प्रथिनं. पाच माणसांत वाटली की प्रत्येकी ९ ग्रॅम, दीड अंड्याएवढी. खेकड्याच्या जेवणाला तास-दीड तास लागतो आणि बोटं फुटतात, तरी हिशेब एवढाच. मी खेकडे आवडीनं खाते, पण कुणी ‘ताकदीसाठी’ म्हणून उसने पैसे काढून खेकडे घेत असेल तर त्याला अंडी घ्यायला सांगते.

खेकड्याच्या रश्शातच सगळी ताकद असते ना?

याचं उत्तर ‘रस्सा कसा केलाय’ यावर अवलंबून आहे.

मटणाचा वा कोंबडीचा पातळ रस्सा घेतला तर त्यात तिखट, तेल, मीठ आणि चव. प्रथिनं बहुतेक सगळी फोडीत. आपल्या घरांतून फोडी कुणाच्या ताटात जातात आणि शेवटी बसणाऱ्या बाईला नुसता रस्सा का उरतो, हे मी इथं वेगळं सांगायला नको.

खेकड्याचं मात्र वेगळं आहे. आई बारीक तंगड्या मोडून उखळात घालायची, चार-दोन ठोक्यांत त्यांचा चिखल व्हायचा. मग थोडं पाणी घालून फडक्यातून पिळायची. राखाडी, दुधाळ पाणी निघायचं. ते फोडणीत ओतून आच वाढवली की पाच-सात मिनिटांत वर मऊ, फुटल्या दुधासारखे लोळे यायचे. काही बायका तो मळ समजून झाऱ्यानं काढून टाकतात. माझ्या चुलतीनं एकदा काढायला घेतला तर आई म्हणाली, “अगं, खेकडा तर तुझ्या झाऱ्यात चालला!” आईनं पोषणशास्त्र शिकलेलं नव्हतं, पण तिचं बरोबर होतं. ते लोळे म्हणजे तंगड्यांतलं मांस, उष्णतेनं गोठलेली प्रथिनं. ते काढू नका. हा रस्सा ताटात शेवटी आला तरी त्यात काहीतरी असतं.

कंबरदुखीला, मोडलेल्या हाडाला खेकड्याचा रस्सा द्यावा असंही सांगतात. कवचात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असतो हे खरं, पण तो रश्शात उतरत नाही. हाडांसाठी नाचणी, दूध, तीळ बरे. आणि सुकट, तिचं पुढे येतंच.

सुकट हे गरिबाचं खाणं. त्यात कसलं आलंय पोषण?

या प्रश्नासाठीच मी हे लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल.

बाजारात ‘सुकट’ म्हणून जे मिळतं त्यात बारीक जवळा असतो, थोडी मोठी, साल असलेली सुकी कोळंबी असते. सोलून वाळवलेले ते सोडे, ते महाग. आपल्या आठवडी बाजारात पोत्यावर ढीग करून बसलेल्या मावशीकडे मिळतो तो बहुतेक जवळा. मूठभर म्हणजे २० ते २५ ग्रॅम. वाळू-कचरा वजा जाता त्यात १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, म्हणजे दोन अंड्यांएवढी.

पण आकड्यापेक्षा जोडी महत्त्वाची. आपलं ताट ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर उभं आहे. ज्वारीत प्रथिनं असतात, शंभर ग्रॅम पिठात दहा तरी. पण शरीराला लागणाऱ्या प्रथिनांच्या विटांपैकी लायसिन नावाची एक वीट तिच्यात फार कमी. एक वीट अपुरी पडली की बाकीच्या असून भिंत पुढे सरकत नाही. जवळ्यात नेमकं लायसिन भरपूर आहे. म्हणजे भाकरीबरोबर मूठभर सुकट खाल्ली की सुकटीची प्रथिनं मिळतातच, शिवाय भाकरीतली प्रथिनंही जास्त कामी येतात. डाळ-भाकरीतही हेच होतं, पण सुकटीत ब-१२ जीवनसत्त्व आहे, डाळीत नाही. महिन्यातून दोनदाच वशाट, म्हणजे मटण-मासळी, शिजणाऱ्या घरात ही गोष्ट मोठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. एकट्या सुकटीनं ते भरून निघेल असं मी म्हणत नाही. लोह, ब-१२, जस्त आणि चांगली प्रथिनं देणारा इतका स्वस्त आणि फ्रीजशिवाय टिकणारा पदार्थ आपल्या बाजारात दुसरा दाखवा, एवढंच म्हणते.

आणि जवळा आपण सालीसकट खातो, म्हणून त्याचा चुना खरोखर पोटात जातो. जाता जाता एक बारीक गोष्ट: प्रयोगशाळेत प्रथिनं मोजतात ती नत्रावरून, आणि सालीतल्या कायटिनमध्येही नत्र असतं. त्यामुळे सालीसकट सुकटीचा आकडा कागदावर थोडा फुगतो. म्हणूनच मी वर हात राखून १२ म्हटलं.

सुकट साफ कशी करायची? दाताखाली कचकच येते.

आमच्या आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची पद्धत सांगते. आधी परातीत पसरून निवडायची: काड्या, बारीक शंख, दोऱ्याचे तुकडे, एखादा इवला मासा. मग चाळणीनं चाळायची, वाळू खाली पडते. मग कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजायची, रंग किंचित गुलाबी-तांबूस होईपर्यंत. गरम असतानाच फडक्यात घेऊन हलक्या हातानं चोळली की मिशा आणि पाय तुटून वेगळे होतात. मग सुपात पाखडायची. टोकं, मिशा वाऱ्यावर उडतात. मांजर शेजारी बसलेलं असतंच. शेवटी दोन पाण्यांतून पटकन धुवून, पिळून लगेच फोडणीला. भिजत ठेवायची नाही, चव पाण्यात जाते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे: बारीक चिरलेला भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, घरचा कांदा-लसूण मसाला, दोन आमसुलं. वांगं घातलं तर दोन माणसं जास्त जेवतात. मीठ मात्र चाखूनच. जवळा बहुधा मीठ न लावता नुसता उन्हात वाळवतात, तरी समुद्राचा खार अंगात असतोच.

चांगली सुकट ओळखायची कशी आणि किती दिवस टिकते?

मुठीत दाबून सोडा. सुटी झाली तर कोरडी, गोळा झाला तर दमट. वास समुद्राचा यावा. नाकात झणझण जाणारा, गोठ्यासारखा वास आला तर ती सडायला लागलीय, परत ठेवा. काळपट, पिवळी पडलेली जुनी असते. फार लालभडक दिसली तर रंगाची शंका घ्यायला हरकत नाही.

एप्रिल-मेमध्ये घ्यावी. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, आणि पावसात वाळवणार तरी कुठं? म्हणून जुन्या बायका लोणच्या-पापडाबरोबर सुकटीचीही बेगमी करायच्या. आणल्यावर दोन कडक उन्हं द्या, गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. मिरजेकडं अशी चार महिने सहज राहते. पाटणच्या पावसात हवेचाच भरवसा नाही. माहेरी निम्मी सुकट भाजूनच ठेवतात, आणि श्रावण संपेपर्यंत तिला कुणी हात लावत नाही.

खेकडे अमावस्येला भरलेले आणि पौर्णिमेला पोकळ, हे खरं का?

खेकडा वाढताना जुनं कवच टाकतो. नव्या, मोठ्या कवचात काही दिवस मांस कमी आणि पाणी जास्त. तो खेकडा पोकळ लागतो. तिथी कुठलीही असो, कवच कधी टाकलं यावर ते ठरतं. घेताना हातात तोलून बघा, आकाराच्या मानानं जड लागला पाहिजे. पोटाकडून अंगठ्यानं दाबल्यावर दबला तर सोडून द्या.

नर-मादी ओळखून काय उपयोग?

उपयोग मोठा आहे. खेकडा उलटा करा. पोटावरची पट्टी अरुंद, निमुळती असेल तर नर. रुंद, गोल असेल तर मादी. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं लाखांनी पाण्यात सुटतात. आपल्या ओढ्यातल्या खेकड्याचं तसं नाही. त्याची अंडी कमी, मोठी, आणि अंड्यातून थेट इवले खेकडेच बाहेर येतात. मादी त्यांना त्या पोटाच्या पट्टीखाली सांभाळते. म्हणजे पिल्लांची मादी धरली की त्या ओढ्याची पुढची पिढी एका कालवणात संपते.

मृगाचा पाऊस पडला की रात्री बॅटऱ्या घेऊन पोरं निघतात, आम्हीही जायचो. पोत्यात पन्नास-साठ खेकडे सरसरत असायचे. आजोबा घरी आल्यावर कंदिलापाशी एकेक उलटा करून बघायचे आणि पिल्लांच्या माद्या परत न्यायला लावायचे, त्याच ओढ्याला, त्याच पावसात. तेव्हा रडू यायचं. आता गावात लोक म्हणतात खेकडे कमी झाले, पण उलटा करून बघणारं कुणी राहिलेलं नाही.

मेलेला खेकडा चालतो का?

नाही. खेकडा मेला की आतून फार लवकर सडतो. पोत्यातले तळाचे दोन-चार गुदमरून मेलेले असतात, ते वेगळे काढून टाका, ‘पैसे दिलेत’ म्हणून शिजवू नका.

अर्धा कच्चा राहिला तर काय होतं?

गोड्या पाण्यातल्या खेकड्यातून फुप्फुसाचा एक चपटा कृमी माणसात येऊ शकतो. भारतात हा आजार प्रामुख्याने मणिपूर, नागालँड, अरुणाचल या ईशान्येकडच्या राज्यांत नोंदला गेलाय, तिथं खेकडा कच्चा किंवा अर्धवट भाजून खाण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. लक्षणं क्षयासारखी: जुना खोकला, थुंकीतून रक्त. त्यामुळे क्षयाची औषधं चालू राहतात आणि गुण येत नाही.

आपण खेकडा रटरटून शिजवतो, म्हणून भीती कमी. तरी दोन ठिकाणी घसरतो. पोरं रानात काटक्यांवर खेकडा भाजतात, वरून काळा आणि आतून कच्चा. तो खाऊ नये. आणि तंगड्या ठेचलेल्या उखळात वा पाट्यावर तसंच ओलं खोबरं किंवा कोथिंबीर वाटू नका. आधी गरम पाण्यानं धुवा. पिळून काढलेलं पाणी चांगलं दहा मिनिटं उकळू द्या. खोकल्यावर उपाय म्हणून ते कच्चं पाजणारं कुणी भेटलं तर ऐकू नका.

कृष्णेतल्या शिंपल्या खाव्यात का?

मी खात नाही, घरच्यांनाही देत नाही. शिंपला नदीचं पाणी गाळून त्यातलं अन्न घेतो, दिवसभर हेच काम. पाण्यात शहराचं सांडपाणी, कारखान्याची मळी, शेतातलं औषध असेल तर तेही त्याच्या अंगात साठतं. सांगलीत कृष्णेचं पाणी काळं पडून मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण किती वेळा वाचल्यात! उकळल्यानं जंतू मरतात, धातू आणि विषारी रसायनं जात नाहीत. कोकणातल्या चांगल्या खाडीच्या तिसऱ्या मिळाल्या तर घ्या. ब-१२ आणि लोहाच्या बाबतीत त्यांना तोड नाही. शिजवण्याआधी तोंडं घट्ट मिटलेली हवीत, आणि शिजल्यावर उघडलेली. जी उघडत नाही ती फेकायची, सुरी घालून उघडायची नाही.

हाच नियम खेकड्याला थोडा सैल करून लावा: उसाच्या आणि द्राक्षाच्या फवारणीचं पाणी जिथं उतरतं त्या चरातला खेकडा नको, डोंगरातल्या ओढ्याचा बरा.

खाल्ल्यावर अंगाला खाज येते. ‘उष्ण पडलं’ म्हणायचं का?

उष्ण-थंड बाजूला ठेवा, ही अॅलर्जी असू शकते. कोळंबी-खेकड्याच्या स्नायूत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं, बहुतेकांना त्याचाच त्रास होतो. ते शिजवल्यानं मोडत नाही, म्हणून ‘चांगलं शिजवून खा’ हा सल्ला इथं चालत नाही. झुरळात आणि घरातल्या धुळीतल्या किड्यात त्याच्यासारखंच प्रथिन असतं. म्हणून धुळीनं शिंकणाऱ्या काहींना कोळंबीही चालत नाही. बोंबील, बांगडा या माशांची अॅलर्जी वेगळी, त्यामुळे कोळंबी न चालणारा माणूस मासे खाऊ शकतो, आणि उलटही.

माझ्या धाकट्या दिरांना कोळंबी चालत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक. एका लग्नात त्यांनी फक्त कांदाभजी खाल्ली आणि अर्ध्या तासात ओठ सुजले, घसा आवळला. मागे जाऊन विचारलं तर आचारी म्हणाला, “भज्यात काय नाय हो, तेल तेवढं मगाचंच.” त्याच तेलात आधी कोळंबी तळली होती. नुसती खाज असेल तर गोळीनं भागतं. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. तिथं अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात. त्यानंतर ‘थोडंसं खाऊन बघू’ कधीही नाही.

कोलेस्टेरॉल आहे. डॉक्टरांनी कोळंबी बंद सांगितली. सुकटही बंद?

कोळंबीत कोलेस्टेरॉल जास्त असतं हे खरं, पण रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त वाढवते ती संपृक्त चरबी, आणि ती कोळंबीत नावालाच. पंधरा दिवसांतून एकदा कालवण खाणाऱ्यानं कोळंबीपेक्षा वर तरंगणाऱ्या तर्रीची काळजी करावी. तरी तुमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. रक्तदाब असेल तर सुकट दोनदा धुवा आणि वरून मीठ घालू नका. युरिक अॅसिडनं अंगठा सुजत असेल तर सुकट, कोळंबी, शिंपल्या सगळ्यांनाच आवर घाला. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी विचारल्याशिवाय नको.

गरोदर बाईला, बाळंतिणीला खेकडा देत नाहीत. बरोबर आहे का?

ताजा आणि पूर्ण शिजलेला असेल, अॅलर्जी नसेल, तर द्यायला हरकत नाही. नदीच्या शिंपल्या मात्र नकोत. सासूबाई ऐकत नसतील तर वाद घालू नका, सुकट द्या. तिला सहसा कुणी आडवं येत नाही.

लहान मुलांना कधीपासून?

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की हळूहळू चालतं. सुकट साफ करून, भाजून, मिक्सरला पूड करा आणि चिमूटभर मऊ भातात किंवा नाचणीच्या सत्त्वात घाला. वेगळं मीठ नको. पहिल्यांदा सकाळी द्या, म्हणजे पुरळ आलं तर दवाखाना उघडा असतो.

मासळीवर दूध प्यायलं तर कोड येतं?

नाही.

आमच्या घरात माळ आहे. आम्ही काय करायचं?

काहीच नको करायला. सातारा-सांगलीत वारकऱ्यांची घरं पुष्कळ, आणि कित्येक घरांत एकाच छपराखाली दोन्ही रीती चालतात. आमच्याकडे वशाट परसात, तीन दगडांच्या चुलीवर आणि वेगळ्या भांड्यात शिजतं, कारण आजीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. प्रथिनांसाठी आजी शेंगदाणा, हुलगा, डाळ, ताक यावर नव्वदीला टेकलीय. सोयाबीन आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पिकतं आणि त्यात ३६ ते ४० टक्के प्रथिनं असतात. ते सगळं विकून न टाकता चार किलो भाजून भाकरीच्या पिठात दळून आणा. ब-१२ मात्र दूध-दह्यातून नाहीतर गोळीतून घ्यावं लागेल, त्याची तपासणी करून घ्या.

धरणात मोठा झिंगा सोडतात, मग तो वाढत का नाही?

वाढतो, पण वंश वाढत नाही. मोठ्या जातीच्या झिंग्याची पिल्लं सुरुवातीला निमखाऱ्या पाण्यातच जगतात. कृष्णा समुद्राला मिळते ती थेट आंध्रात, आणि वाटेत आलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं उभी. त्यामुळे आपल्या जलाशयात दरवेळी बीजकेंद्रातून पिल्लं आणूनच सोडावी लागतात. बारक्या जातींचे काही झिंगे गोड्या पाण्यातच पिलावतात. जाळ्यात येतात ते बरेचसे तेच.

आमची जमीन क्षारपड झालीय. कोळंबी होईल का?

वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात हा प्रश्न हमखास येतो. उसाला पाणी पाजून पाजून जमिनी खारवल्या, आता त्यात काही उगवत नाही. हरियाणा, पंजाबमध्ये अशाच खाऱ्या भूजलावर व्हॅनामी कोळंबी घेतात, आणि मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्रानं त्यावर बरंच काम केलंय. पण नुसतं खारट पाणी पुरत नाही. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात समुद्राच्या मानानं पोटॅश फार कमी असतं, ते वरून घालावं लागतं, नाहीतर पिल्लं टाकल्यावर काही दिवसांत मरतात. आधी पाण्याची तपासणी करा. तळं उसाच्या शेजारी खोदायचं तर तुमचं खारं पाणी शेजाऱ्याच्या रानात झिरपणार, तो भांडण काढणार, हेही धरून चला. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत खर्चाच्या ४० टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा. मी शेतीतली तज्ज्ञ नाही, पण या धंद्यात वीज गेली आणि पाण्यात हवा फिरवणारं यंत्र थांबलं तर एका रात्रीत मेलेल्या कोळंबीनं तळं पांढरं होतं, एवढं ऐकून आहे.

कोयनेच्या अभयारण्यात खेकडे धरले तर चालतं?

नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आतून काहीही धरून आणणं गुन्हा आहे, मग तो खेकडा का असेना. हद्दीबाहेरच्या ओढ्याला जा.

खेकड्यांनी धरण फुटतं का हो?

हा प्रश्न पोषणाचा नाही, पण २०१९च्या जुलैपासून प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी हसत विचारतंच. कुंभार्लीच्या पलीकडे, चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. खेकडा भाताचा बांध पोखरतो, पाणी खालच्या खाचरात सोडून देतो, हे कुठलाही शेतकरी सांगेल. माझे वडील सकाळी बांधावर बुजवाबुजवी करत फिरायचे आणि ज्या बिळानं रात्रीत पाणी घालवलं त्याचा मालक दुपारी कालवणात असायचा. धरणाची डागडुजी हे मात्र खेकड्याचं काम नव्हे.

खाऊन झाल्यावर कवचांचं काय करायचं?

कचऱ्याच्या डब्यात टाकलीत तर दुसऱ्या दिवशी घरात उभं राहवणार नाही. धुवून दोन उन्हं वाळवा, कुटा, नारळाच्या किंवा कढीपत्त्याच्या बुडाशी खोल पुरा. वरच्या वर टाकलीत तर कुत्री रात्रीत झाड उकरतात. आमचा कढीपत्ता दोनदा पडलाय.